पेढीवरील टिपणे : गाडीखालचा तराजू



मागील अंकात वखारीतील ओल आणि पोत्यांच्या थप्प्या यांविषयी लिहिले होते. या वेळी माल वखारीतून बाहेर पडल्यानंतरच्या प्रवासाविषयी लिहितो. हा लेख माझ्याच चुकीतून उपजला आहे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे.

आमची पिकअप २००९ सालची. जयसिंगपूरच्या बाजारातून तांदूळ, डाळी, साखर आणि गूळ घेऊन ती कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट या वाटेने साखरपा, पाली आणि पुढे रत्नागिरीपर्यंत जाते. गणपतीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस म्हणजे या वाटेवरील आमच्या व्यापाराचा सुगीचा काळ. कोकणात घरोघरी गणपती बसतात, मुंबईकर गावी येतात, आणि गूळ-साखरेची मागणी एकदम चढते. त्याच दिवसांत, भर श्रावणात, एका सायंकाळी साखरप्याहून आमच्या चालकांचा दूरध्वनी आला. घरातील मुले त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. एरवी ते पोहोचल्याचे दोन शब्दांत कळवतात. त्या दिवशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अण्णा, गाडी बी खाली आली, मी बी आलो."

घाटातील एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा पेडल थेट तळाला टेकले होते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भराभर दाबल्यावर थोडा जोर आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून निभावले. हँडब्रेक ओढला तर तो नुसताच वर आला. शेवटी पहिला गिअर टाकून, डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक घासत त्यांनी गाडी उभी केली, अर्धा तास पावसात थांबले, आणि मग चालत्या माणसाच्या वेगाने उरलेला घाट उतरले.

हे ऐकताना मला आठवले ते आषाढातील बोलणे. "डाव्या मागच्या चाकाला आतनं ओल दिसतीया अण्णा, आन् ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढती," असे मामांनी दोनदा सांगितले होते. पहिल्यांदा मी म्हणालो, पावसाचे पाणी असेल. दुसऱ्यांदा म्हणालो, गणपती होऊन जाऊ देत, मग बघू. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र, ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो, दरवर्षी घ्यावे लागते. ते वैशाखात झाले होते आणि त्या कागदावर माझा मोठा भरवसा होता. चाक काढून, ड्रम उघडून आत पाहण्याची ती तपासणी नव्हे, हा विचार मला शिवला नाही.

माल दुसऱ्या गाडीने पुढे पाठवला. आमची गाडी रिकामीच, दोन दिवसांनी ऊन पडल्यावर, सावकाश वर आणली आणि कोल्हापुरात ओळखीच्या मिस्त्रींकडे लावली. ते पासष्टीचे आहेत आणि बोलणे मोजके. गाडी सपाट जागी उभी करून त्यांनी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक सोडला, मागची बाजू जॅकवर उचलून चेसिसखाली घोड्या दिल्या आणि डावे चाक काढले. ड्रम सहज निघेना. बाजूने हातोडीचे हलके ठोके देत तो सैल केला. तो बाहेर आला तेव्हा जो वास सुटला तो मी अजून विसरलेलो नाही. जळालेले तेल आणि करपलेले लायनर यांचा तो वास होता. आत सर्वत्र काळे, चिकट ऑइल पसरले होते.

ड्रम ब्रेकची रचना आपल्यापैकी अनेकांनी कधी पाहिलेली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. चाकाबरोबर फिरणारा, बिडाचा ओतलेला, डब्याच्या झाकणासारखा जो भाग तो ड्रम. त्याच्या आत, न फिरणाऱ्या पत्र्याच्या ताटलीवर, अर्धचंद्राकृती दोन शू बसवलेले असतात आणि त्यांच्या पाठीवर घर्षणाचे लायनर असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब लहानशा व्हील सिलिंडरमध्ये येतो, त्यातील दोन पिस्टन दोन्ही शूंना बाहेर ढकलतात, आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासू लागते. फिरण्याच्या दिशेकडील शू तर ड्रमच स्वतःबरोबर ओढून अधिक आवळतो. त्यामुळे थोड्या जोरात पुष्कळ ब्रेक लागतो. हा या रचनेचा गुण, आणि तोच तिचा दोषही. कारण हे सारे बंद डब्यात चालते. उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि आत काय बिघडले आहे ते बाहेरून दिसत नाही.

उष्णता किती, याचा हिशेब मी नंतर मांडला. आम्ही भरत होतो तेवढ्या मालासह आमची गाडी सुमारे साडेतीन टन भरते. ती १०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिने दहा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. गाडी योग्य गिअरमध्ये असेल तर त्यातील मोठा वाटा इंजिन घेते. उरलेला सगळा ड्रम आणि डिस्क यांना गिळावा लागतो. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर सरकतो, म्हणून पेडल अधिक खाली जाते. लायनर फार तापले की त्याचे घर्षण घटते. आणि ब्रेक ऑइल उकळले तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल तळाला जाते ते तेव्हा.

हे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकावे असे मानक आहे. ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ती मर्यादा १४० अंशांवर येते. आमच्या गाडीतील ऑइल शेवटचे केव्हा बदलले याची नोंद माझ्या कोणत्याही वहीत नाही. ज्या पेढीत सुतळीच्या बंडलाचीही नोंद असते त्या पेढीत.

आता चाकात ऑइल कोठून आले, हा प्रश्न. मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी पोकळ नळी आणि तिच्या मध्यभागी दातेरी चक्रांचा गोळा, या सगळ्याला मिळून गॅरेजमध्ये ॲक्सल किंवा हौसिंग म्हणतात. गोळ्यात घट्ट गिअर ऑइल असते. नळीच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. ते ऑइल ब्रेककडे जाऊ न देणे हे त्यांचे काम. डावे सील फाटले होते. मी सुटकेचा श्वास टाकून म्हणालो, "म्हणजे सील बदलले की झाले." मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी चाकाचा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला. तो हलला. बेअरिंग गेले होते.

मग शाफ्ट बाहेर ओढून त्यांनी एक गोष्ट दाखवली. आमच्या गाडीच्या रचनेत चाक थेट या शाफ्टवर असते. शाफ्ट चाक फिरवतो आणि मालाचे वजनही तोच पेलतो. शाफ्टवर बेअरिंग, आणि त्यामागे दाबून बसवलेली एक पोलादी कडी. बेअरिंगला जागेवर धरते ती ही कडी, आणि बेअरिंग धरले तरच शाफ्ट नळीत राहतो. बोटभर रुंदीची ती कडी आपल्या जागेवरून जरा सरकली होती. "ही निघाली असती तर?" मी विचारले. "तर शाफ्ट, ड्रम, चाक, सगळंच बाहेर. चाक गाडीच्या पुढं पळताना दिसलं असतं मामांना," मिस्त्री म्हणाले. मामा शेजारीच उभे होते. ते चहा आणायला निघून गेले.

मोठ्या ट्रकांमध्ये रचना वेगळी असते. तेथे चाकाचा हब नळीवरच दोन बेअरिंगांवर फिरतो, शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो, आणि तो तुटला तरी चाक जागेवर राहते. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे मालकाला ठाऊक असावे. मला सोळा वर्षांत ठाऊक नव्हते.

सील का फाटले याचे एक कारण मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने शोधले. ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूस करंगळीएवढे एक टोपण असते, त्याला ब्रीदर म्हणतात. गोळा तापला की आतील हवा प्रसरण पावते आणि तेथून बाहेर पडते. आमचा ब्रीदर चिखलाने असा गच्च भरला होता की तारेने टोकरूनही मोकळा होईना. आतला दाब मग जेथे वाट मिळेल तेथून निघतो, आणि जाताना ऑइल घेऊन जातो. ज्या टोपणाची किंमत सांगताना दुकानदारालाही संकोच वाटावा, त्या टोपणाने ही सुरुवात केली होती.

पण ते एकच कारण नव्हते. दोन विटांवर ठेवलेल्या फळीच्या मध्यावर वर्षानुवर्षे ओझे ठेवले तर तिला झोळ पडतो. ॲक्सलचे तसेच. दोन्ही टोकांना चाके आणि त्यांच्या आतल्या बाजूला पाट्यांवरून येणारा भार. आमच्या नळीला असाच झोळ आला होता. मागचे टायर आतल्या कडेने अधिक झिजत होते, आणि मी टायरवाल्याला दोष देत होतो. नळी वाकली की शाफ्ट सीलच्या मधोमध फिरत नाही, एका बाजूला घासतो. मिस्त्री म्हणाले, नवे सील घालतो, पण चार महिन्यांनी पुन्हा याल. वाकलेली नळी सरळ करून देणारे असतात, पण हे ऐकल्यावर मला त्या मार्गाने जावेसे वाटले नाही. संपूर्ण ॲक्सल बदलायचा असे ठरले.

नवा कोरा ॲक्सल इतक्या जुन्या गाडीसाठी परवडणारा नव्हता. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोध सुरू केला. पहिला ॲक्सल दोन दिवसांतच मिळाला. बाहेरून अगदी तसाच, त्याच मॉडेलच्या गाडीचा, भावही उतरलेला. मी विसार देण्याच्या बेतात होतो. मिस्त्रींनी थांबवले आणि गोळ्यातील दाते मोजायला सांगितले. आमच्या गोळ्यात मोठ्या चक्राला ४१ आणि लहान पिनियनला ८ दाते होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे पाच फेरे आणि वर एक अष्टमांश. त्या स्वस्त ॲक्सलमध्ये ४१ आणि ९ होते. एका दात्याने काय होते? वेगाचे माप गिअरबॉक्सवरून येते, म्हणून काटा ताशी ४० दाखवत असता तेव्हा गाडी प्रत्यक्षात ४५ ने धावत असती. चढाला दम कमी पडला असता, आणि उताराला इंजिनाची पकड त्याच प्रमाणात सैल झाली असती. घाटात ज्या पकडीने मामांना वाचवले तीच मी स्वस्तात विकून आलो असतो.

गोळा उघडायची सोय नसेल तर मोजण्याची युक्ती सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, ठोकळे व्यवस्थित लावून, एक मागचे चाक जमिनीवर राहू द्यावे, दुसरे उचलावे. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजावे. तो आकडा म्हणजेच गुणोत्तर. सुटा ॲक्सल असेल तर एका बाजूचा ड्रम कोणी घट्ट धरून ठेवावा, दुसरा दोन वेळा फिरवावा. दुसरा ॲक्सल आठ दिवसांनी मिळाला, त्याचे दाते जुळले. त्यातील जुने ऑइल बशीत काढून उन्हात पाहिले. चुंबकावर राखेसारखा बारीक गाळ होता, तो चालतो. धातूचे कपचे असते तर तोही परत केला असता. दोन्ही बाजूंची बेअरिंगे, कड्या आणि सील नवीन, प्रेसवर बसवून घेतले, आणि ब्रीदर नवा.

जुना ॲक्सल काढण्याच्या दिवशी मी दिवसभर गॅरेजमध्ये होतो. सूर्यास्ताआधी घरी जेवायचे, म्हणून चारनंतर माझे लक्ष घड्याळाकडे आणि मिस्त्रींचे माझ्याकडे. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी त्यांनी दोन्ही फ्लँजांवर पंचाने खूण केली, म्हणजे तो पुन्हा त्याच स्थितीत बसेल आणि गाडी थरथरणार नाही. ब्रेकची नळी सोडून तिचे तोंड बंद केले, हँडब्रेकच्या केबल काढल्या, शॉकअब्सॉर्बर सोडले, आणि मग पाट्यांना धरणारे चार यू-बोल्ट. ते गंजून एकजीव झाले होते, कापावेच लागले. तसेही मिस्त्री जुना यू-बोल्ट पुन्हा वापरत नाहीत, एकदा ताणला गेलेला बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही म्हणतात. चौघांनी मिळून ॲक्सल खाली घेतला.

आणि येथे मिस्त्रींनी मला गाडीखाली बोलावले. धोतर सावरत मी वाकलो. चेसिसला लावलेल्या एका लहान व्हॉल्व्हपासून ॲक्सलपर्यंत एक बारीक सळई येत होती. "ही काय काम करती, ठाऊक आहे का अण्णा?" मला ठाऊक नव्हते. त्यांनी जे सांगितले ते माझ्या शब्दांत असे. मालगाडीचे मागचे चाक रिकामे असताना हलके असते. तेव्हा मागे जोरात ब्रेक लागला तर चाक लॉक होऊन गाडीचे शेपूट फिरते. भरली की मागे वजन असते, तेव्हा मागे ब्रेक भरपूर हवा. किती हवा, हे ठरवायचे तर गाडीचे वजन कळले पाहिजे. म्हणून हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरला की पाटे दबतात, चेसिस खाली येते, चेसिस आणि ॲक्सल यांतील अंतर कमी होते, सळई वर ढकलली जाते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. थोडक्यात, गाडीखाली बसवलेला तो एक तराजू आहे. प्रत्येक खेपेला तो माल तोलतो.

सहा वर्षांपूर्वी मी त्या गाडीला प्रत्येक बाजूस एक-एक जादा पाटा चढवून घेतला होता. सगळेच चढवतात. नोंदणीपत्रकाप्रमाणे आमच्या गाडीला सव्वा टन माल चालतो, म्हणजे पन्नास किलोची २५ पोती. आम्ही ४० भरत होतो. पाटे जाड झाल्यामुळे ४० पोती भरूनही गाडी बसल्यासारखी दिसत नसे, आणि त्याचा मला अभिमान वाटे. परंतु सळईला ती फसवणूक कळत नव्हती. गाडी बसली नाही, म्हणजे माल थोडा आहे, असे ती व्हॉल्व्हला सांगे. सर्वाधिक भार असताना मागच्या ब्रेकला कमी दाब मिळे आणि सारे काम पुढच्या डिस्कवर पडे. त्या तापून निळसर झाल्या होत्या, पाठीमागे एका चाकात ऑइल, आणि वर साठलेले जुने ब्रेक ऑइल. वळणावर पेडल तळाला गेले ते या सगळ्यांची बेरीज होऊन.

आमच्या पेढीवर काट्याला कधी खोट आली नाही, असे मी चारचौघांत सांगत आलो आहे. वडिलांच्या वेळचे लोखंडी काटे, नंतरचे इलेक्ट्रॉनिक काटे, दर वेळी शिक्का मारून घेतलेले. आणि माझ्याच गाडीखाली, माझ्याच पैशाने, मी सहा वर्षे काटा मारत होतो. तो ग्राहकाला नव्हता, एवढेच.

आजोबांच्या काळी हाच माल बैलगाडीने जात असे. चढ आला की आजोबा स्वतः उतरून चालत, हे घरात अजून सांगितले जाते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण हा एक आहे, हे आपण सर्वांनी पाठशाळेत पाठ केले आहे. बैल गेले आणि यंत्र आले, तेव्हा तो शब्द आता कोणाला लागू नाही असे मी धरून चाललो होतो. यंत्राच्या पुढच्या बाजूला मामा बसतात.

ब्रेकच्या कामात दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. मी सुचवले की डावेच लायनर भिजले आहे तर डावेच बदला. मिस्त्री हसले. एका ॲक्सलवरील दोन्ही बाजूंचे लायनर एकाच वेळी, एकाच प्रतीचे बदलायचे असतात, नाहीतर गाडी ओढणारच. ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा ज्योतीने जाळून पुन्हा वापरणारे आहेत. ते लायनरच्या छिद्रांत मुरलेले असते आणि तापले की पुन्हा वर येते. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. आमचा उजवा ड्रम उद्यमनगरात लेथवर आतून साफ करूनही त्या मर्यादेत राहिला. डावा मात्र त्यापलीकडे गेला होता, कारण झिजलेल्या लायनरचे रिव्हेट ड्रमला चरे पाडत होते. मिस्त्री म्हणाले की एक कातलेला आणि एक नवा अशी जोडी नको, म्हणून दोन्ही नवे घेतले. ड्रम ज्याचे होतात त्या बिडाच्या ओतकामासाठी आपले कोल्हापूर-शिरोली प्रसिद्ध आहे. तरी ड्रमकडे मी आयुष्यात प्रथमच नीट पाहिले.

पोराने ताटलीवरील काळी भुकटी उडवण्यासाठी हवेची नळी उचलली तेव्हा मिस्त्री त्याच्यावर ओरडले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ती धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगापर्यंत पोहोचवते. त्यांनी ती पाण्याने भिजवून फडक्याने पुसायला लावली. तसेच व्हील सिलिंडरच्या रबरी वायशरांना पेट्रोल, डिझेल किंवा गिअर ऑइल लागले की त्या फुगतात. आमच्या डाव्या सिलिंडरच्या फुगल्याच होत्या. दोन्ही सिलिंडर नवे घातले.

शू बसवताना एका वेळी एकच बाजू उघडली. दुसरी जशीच्या तशी, नमुना म्हणून. स्प्रिंगा कोणत्या छिद्रात जातात हे पाहायला त्याहून चांगले पुस्तक नाही. जादा पाटे काढून टाकले, पाट्यांच्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरील खळग्यात नेमके बसल्याची खात्री केली आणि नवे यू-बोल्ट आलटून-पालटून आवळले. अखेरचा जोर गाडी चाकांवर उतरवल्यानंतर दिला. जुन्या ब्रेक ऑइलचा थेंबही ठेवला नाही. हवा काढताना सर्वांत लांबच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात केली, आणि तीही गाडी जमिनीवर उभी असताना. मागची बाजू लोंबत असली तर तो तराजू गाडी रिकामी समजून दाब रोखतो. शेवटी त्याची सळई कंपनीने दिलेल्या मापाला लावली. माप नसलेल्या गॅरेजात तिला तारेने वर बांधून टाकतात, तसे करू देऊ नये.

खर्च सर्व मिळून बेचाळीस हजारांच्या घरात गेला. गणपतीची अर्धी सुगी हुकली ती वेगळी. जादा १५ पोत्यांनी सहा वर्षांत किती भाडे वाचवले याचा हिशेब माझ्या धाकट्या चिरंजीवांनी मांडून दाखवला आणि आकडा खर्चाहून मोठा निघाला, हे लपवत नाही. मी त्यांना मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ वाचायला दिले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय जादा माल रस्त्यावरच उतरवून घ्यायचा. ते म्हणाले, दादा, आपण इतक्या वर्षांत कधी पकडले गेलो नाही. त्यावर माझ्याकडे हिशेबाचे उत्तर नव्हते. आता गाडीवर २५ पोतीच चढतात, जास्त मागणी असेल तेव्हा दोन खेपा होतात, आणि दोन्ही खेपांचे भाडे वेगळे मांडले जाते. दोन गिऱ्हाइके त्यामुळे गेली.

पाचशे किलोमीटरांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले. एक बोल्ट पाव फेरा फिरला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मामा गाडीखाली वाकून चारही चाकांची आतली बाजू पाहतात, आणि त्यांनी सांगितलेले मी रोजमेळाच्या शेजारी एका वहीत लिहितो. ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

काम झाल्यावरची पहिली खेप अनंत चतुर्दशीनंतरची. पाऊस अजून होताच. मी पेढीवर बसून होतो, वसुलीचे कागद समोर, लक्ष कशातच नाही. साडेचारच्या सुमारास साखरप्याहून दूरध्वनी आला. मामांनी घाट उतरल्यावर गाडी बाजूला घेतली होती आणि मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात नेऊन पाहिला होता.

"दोन्हीकडं सारखीच ऊब हाय अण्णा," ते म्हणाले, "आन् ओल न्हाई."